खडकझरीचं अर्धं हाड

खडकझरी, ता. समुद्रपूर
३ मार्च २०२४

ताई,
सप्रेम जय भीम.

तू घरच्या ग्रुपमधून निघून गेली, माहा नंबर बंद करून ठेवला, माही आई गेली तर तिच्या पुण्यानुमोदनालेही आली नाई. आता पोस्टमननं दिलेलं पत्र तरी फाडून वाचशील अशी आशा ठेवून लिहून राह्यलो. चुलत भाऊ म्हणून नको वाचू, खडकझरीच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून वाच.

नाल्याजवळच्या आपल्या वावरात शेततळं खोदून राह्यलो. जेसीबीचा दात एका जागी अडला. पाह्यतो तर लांबट, भुरकट, एका टोकाले फुगलेलं काहीतरी. माही घरवाली दिपाली म्हणाली, हे हाड होये. बैलाच्या मांडीसारखं दिसते, पण तेवढी मांडी असलेला बैल कोणत्या गोठ्यात मावला असता?

तू पुण्यात याच कामाची पगारी बाई आहे. सगळ्या जगाची जुनी हाडं तुले समजतात, गावची माणसं तेवढी समजत नाईत. येऊन पाहून जाजो.

निकेश


पुणे
११ मार्च २०२४

निकेश,

ग्रुपमधून मी बाहेर पडले कारण रोज पहाटे गुलाबाची फुलं आणि त्यांखाली थोरामोठ्यांच्या नावावर खपवलेली खोटी वाक्यं पाहून माझं डोकं दुखायचं. त्यातली निम्मी तू पाठवायचास. मुख्याध्यापक म्हणून वाच म्हणतोस, म्हणून हे आधी सांगितलं.

तुझ्यासारखी पत्रं मला दरवर्षी येतात. कुणाला डायनासोरचं अंडं सापडतं, तो नदीतला गोटा असतो. कुणाला राक्षसाची कवटी सापडते, तो चुनखडीचा गड्डा असतो. गिरडच्या टेकडीवर लोक गोल दगड वेचतात आणि त्यांना सुपारी, जायफळ म्हणतात, तेही मला लहानपणापासून माहीत आहे. तुला मांडी दिसली. आपल्या भागात कुणाला काय दिसेल याचा नेम नाही.

तरी फोटो पाठव. शेजारी माप ठेवून. आणि कडेला सुटलेला एखादा तुकडा असेल तर तोही पाठव. मुद्दाम तोडू नकोस.

रक्षा


खडकझरी
२० मार्च २०२४

ताई,
जय भीम.

फोटो पाठवला आहे. माप म्हणून बाजूले दिपालीले उभं केलं. तुकडा डबीत कापूस घालून ठेवला आहे, फोडला नाई, खालीच पडलेला होता.

गुलाबाचं मले माहीत नव्हतं. पाठवणाऱ्याचा हात काही वाईट नसते. पण तुले आमचं प्रेमही चष्मा लावून तपासा लागते.

लोकं येऊन पाहून जातात. अजून मी कोणाले काही सांगतलं नाई. तू सांगशील तसं करीन, कारण माह्यापाशी दुसरं कोणी नाई. हे लिहाले जड गेलं, पण लिहिलं.

निकेश


पुणे
२९ मार्च २०२४

निकेश,

दिपाली हे मोजमापाचं एकक नाही. फोटोत ती मधोमध हसत उभी आहे आणि ज्यासाठी फोटो काढला ते कोपऱ्यात अर्धं कापलं गेलंय. लग्नाचा अल्बम करायचा होता का?

पण तुकडा पाहिला. तो दगडाचा गोटा नाही. हाडच आहे. लांब मानेचे, झाडपाला खाणारे जे अवाढव्य डायनासोर या भागात फिरायचे, त्यांपैकी एखाद्याच्या मांडीचं असू शकतं. 'असू शकतं' हे दोन शब्द गिळून टाकू नकोस. तुझ्या गावापासून जवळच, वरोऱ्याच्या बाजूला, इंग्रजांच्या काळापासून अशी हाडं निघत आली आहेत. सबंध जनावर कधीच मिळत नाही. इकडे एक मणका, तिकडे पाऊण पाय. मग त्यावर विद्वान नावं ठेवतात आणि जन्मभर भांडतात.

आता नीट वाच. हाडावर सुटी माती टाक. पाणी लावू नकोस. घासू नकोस, धुऊ नकोस, हळद-कुंकू तर अजिबात नको. कुणाला सांगू नकोस, विशेषतः ज्यांना भाषण करता येतं त्यांना. विभागातून परवानगी, माणसं आणि प्लास्टर घेऊन मी मेच्या शेवटी येते. तोवर तू काहीही केलं नाहीस तर ती तुझी विज्ञानाला सर्वांत मोठी मदत होईल.

रक्षा


खडकझरी
१८ एप्रिल २०२४

ताई,

तू मेच्या शेवटी येशील म्हटलं. मले वाटलं, मधातच लवकर येणं जमते का ते इचारू, म्हणून तुह्या विभागात फोन केला. तिथल्या बाईनं सांगतलं, "त्या मॅडमनं तर राजीनामा दिला, दोन वर्षं होऊन राह्यली. आता इकडे येत नाहीत."

मी दोनदा इचारलं. दोनदा तेच सांगतलं.

म्हणजे ना विभाग, ना माणसं, ना परवानगी. पुण्यात एकटी घरात बसून तू मले हुकूम सोडून राह्यली, आणि मी येडा माती टाकून राखण करून राह्यलो. दिपालीच्या हसण्याची टिंगल करताना तुह्यापाशी हातात द्याले एक कागदही नव्हता. अशा माणसाले आमच्याकडे काय म्हणतात ते तुले माहीत आहे, लिहित नाई.

आता मी माह्या पद्धतीनं करीन. जयंतीच्या दिवशी गावात प्रभाकरराव आले होते. गिरडले त्याईचं खत-बियाण्याचं दुकान आहे, यंदा निवडणुकीले उभं राहाचा इरादा आहे. त्याईले वावरात नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, याचं आपण पार्क करू. हायवेवरून जाणारा माणूस इथं थांबला पाह्यजे." माणूस कसाही असो, उद्या येतो म्हटलं की उद्या येते.

निकेश


पुणे
२६ एप्रिल २०२४

निकेश,

होय, मी राजीनामा दिला. आमच्या साहेबांनी दोन तुटक्या मणक्यांवरून भारतातलं सर्वांत मोठं जनावर तयार केलं, त्याची लांबी ठरवली, वजन ठरवलं, वर्तमानपत्राला चित्र दिलं आणि मला म्हणाले, सही कर. मी केली नाही. नंतर त्या इमारतीत मला चहाही कुणी विचारेना, म्हणून निघाले. हे तुला सांगितलं नाही, कारण विभागाचं नाव नसेल तर तू माझं ऐकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तसंच झालं.

खतविक्याचं ऐक, पण त्याआधी एवढं समजून घे. ते हाड बाहेरून दगडासारखं दिसतं, आत हजार भेगा असतात. भोवतीच्या मातीनं ते धरून ठेवलेलं असतं. पाणी लागलं की ती माती फुगेल. साखळी बांधून ओढलं तर हाड येणार नाही, भुगा येईल. अशी कितीतरी हाडं लोकांनी कौतुक करूनच संपवली आहेत.

मी पैशाची आणि माणसांची सोय करते आहे. एकटी येईन, पण येईन. तोवर त्या माणसाला हात लावू देऊ नकोस.

रक्षा


खडकझरी
२२ मे २०२४

ताई,

तुह्यं मागचं पत्र आलं तेव्हा मी उघडलं नाई. राग होता. काल दिपालीनं फोडून वाचलं आणि माह्यासमोर ठेवलं.

कार्यक्रम झाला. मोठा झाला. मंडप होता, बँड होता. हाड चमकलं पाह्यजे म्हणून प्रभाकररावाईनं टँकर बोलावला आणि पाइप लावून धुतलं. खरं सांगतो, चांगलं दिसलं. मग जेसीबीले साखळी लावली. उचलतानी त्याचे थोडे तुकडे झाले. थोडे म्हणजे बरेच. त्यातले दोन चांगले तुकडे काचेच्या पेटीत ठेवले, त्याईच्या दुकानात आहेत.

फाट्यावर पुतळा उभा झाला. हिंगणघाटचा कारागीर आहे, मंगल कार्यालयाच्या गेटवरचे हत्ती बनवते. हिरवा ऑइलपेंट, लाल डोळे, मोठे दात. तोंडात सिमेंटची शेळी पकडली आहे. मी म्हटलं, हे जनावर झाडपाला खात होतं. प्रभाकरराव म्हणाले, "मास्तर, पाला खाणारं जनावर पाहाले कोण येईन? पाला खाणारे आपल्या गोठ्यात आहेतच."

लोकं हसले. मीही हसलो.

बाकीचे तुकडे कामात आले. पुतळ्याच्या ओट्यात भराव कमी पडून राह्यला होता.

निकेश


पुणे
३० मे २०२४

निकेश,

तुझं पत्र वाचलं. कोट्यवधी वर्षं ते हाड त्या मातीत टिकलं. त्यावरून ज्वालामुखींचा लाव्हा वाहून गेला, तरी टिकलं. तुझ्या एका कार्यक्रमात संपलं.

खतविक्यावर माझा राग नाही. तो जे विकतो तेच त्यानं केलं. त्या हत्तीवाल्यावरही नाही. तू मात्र मास्तर आहेस. ते जनावर काय खायचं हे त्या मंडपात एकट्या तुला माहीत होतं, आणि तू हसलास.

यापुढे लिहू नकोस. मी येत नाही.

रक्षा


खडकझरी
१५ जून २०२४

ताई,
जय भीम.

मी दिपाली. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, पण यांना आता लिहिण्याची हिंमत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मग परवा भर दुपारी सब्बल आणि घन घेऊन फाट्यावर गेले आणि ओटा फोडायला लागले. एकटेच. लोक जमले. कोणी विचारलं, "सर, काय करून राह्यले?" हे म्हणाले, "माहं सामान अंदर राह्यलं." एक बाजू पूर्ण फोडली, हातानं तुकडे काढून पोत्यात भरत होते. तेवढ्यात प्रभाकरराव गाडी घेऊन आले. पुतळ्याची विटंबना केली म्हणून तक्रार दिली आहे. पोती ठाण्यात जमा आहेत. पोलीस म्हणतात, भराव आहे, गोटे आहेत. गावातली माणसं यांना पाहून रस्ता बदलतात. वरून चौकशी लागणार असं ऐकते.

तुम्हाला एक गोष्ट यांनी सांगितली नसेल. आमच्या शाळेचा पट फार उतरला आहे. शाळा बंद करून पोरं शेजारच्या गावात पाठवायचं चाललं आहे. यांना वाटलं, गावात डायनासोर निघाला म्हणजे लोक येतील, वरचे साहेब येतील, मग एवढ्या नावाच्या गावची शाळा कोण बंद करेल. म्हणून त्या माणसाच्या मागे गेले. हावरटपणा नव्हता.

तुम्ही हुशार, हेही हुशार. दोघांनी एकमेकांना कमी लेखण्यात तीन महिने घालवले आणि हाड ओट्यात गेलं. फोटोत मी हसत होते म्हणून तुम्ही मला बोललात. मी हसत होते कारण मला आनंद झाला होता. तुमच्यापैकी कोणालाच झाला नाही.

त्या पोत्यात हाड आहे हे सांगणारं इथं कोणी नाही. यायचं असेल तर या.

दिपाली


पुणे
१४ जुलै २०२४

निकेश,

मी तिकडे आले तेव्हा ठाण्यात साहेबांनी तुला बाहेर बाकावर बसवलं आणि मला व प्रभाकररावांना आत बोलावलं. परतताना तू पुन्हा पुन्हा विचारलंस, आत काय झालं. मी सांगितलं नाही. आता सांगते, कारण समोरासमोर सांगितलं असतं तर दिपालीनं केलेली भाजी मला गोड लागली नसती.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या खात्याच्या?"

"कोणत्याच नाही."

"मग हे हाड आहे असं कशावरून म्हणता?"

मी पोत्यातला एक तुकडा काढला, पदराला पुसला आणि जिभेला लावला. तो लटकून राहिला. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून ते ओलं धरतं. साध्या दगडाला असं होत नाही. साहेब बघत राहिले. मी दुसरा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी येत नाही ना याची खात्री केली आणि लावला. त्यांच्याही जिभेला चिकटला.

प्रभाकरराव म्हणाले, "चिकटते ते हाड, मग गूळही हाड होये."

साहेबांनी त्यांना गप्प केलं. पोती परत द्यायला ते तयार झाले. पण तक्रारीचं काय, म्हणून विचारलं. तेव्हा प्रभाकररावांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्यांचा आवाज एकदम घरातला झाला. म्हणाले, "ताई, मास्तर आपलाच माणूस आहे. मी आता तक्रार मागे घेतो. तुम्ही फक्त एक कागद लिहून द्या. हे जगातलं सर्वांत मोठं जनावर होतं, एवढंच. खाली सही आणि डिग्री. बोर्डावर लावू."

मी नाही म्हटलं.

ते म्हणाले, "मास्तरची नोकरी जाईन."

मी म्हटलं, "जाईल. तरी मला माहीत नसलेलं मी लिहिणार नाही."

एवढंच झालं. एका ओळीच्या कागदावर तू सुटला असतास. चौकशी लागली ती मी सही न केल्यामुळे लागली. त्या माणसाचा मला तिरस्कार वाटतो. पण त्या क्षणी तो तुझ्या बाजूनं बोलत होता आणि मी नव्हते, हेही मला दिसत होतं.

तुकडे मी इथे आणून गच्चीवर मांडले आहेत. जुळतील तेवढे जुळवले. मांडीचं हाड आहे, वरचा भाग. दुकानातल्या पेटीतले दोन तुकडे धरले तरी खालचा अर्धा भाग नाही. तो तुझ्या टँकरच्या चिखलात गेला, ओट्याच्या न फोडलेल्या बाजूत राहिला की त्या जनावराच्या काळातच कुणी ओढून नेला, हे आता कधीच कळणार नाही. झाडपाला खाणाऱ्या, लांब मानेच्या मोठ्या जातीचं आहे, एवढं मी सहीनिशी सांगेन. ते जनावर किती मोठं होतं, ते सांगणार नाही.

दिपालीला सांग, तुमच्या अंगणात तुकड्यांशेजारी काढलेला तिचा फोटो नीट आला आहे. या वेळी हाड कापलं नाही.

रक्षा


खडकझरी
६ ऑगस्ट २०२४

ताई,
जय भीम.

तुह्यं पत्र वाचून मले राग आला. एका सहीचं काय मोल असते? लोकं रेशनच्या कार्डावर खोटं लिहितात, दाखल्यावर खोटं लिहितात, आणि माह्यासाठी तुले एक ओळ जड झाली. आठ-दहा दिवस मी मनातल्या मनात तुले असं काही बोललो की दिपाली म्हणे, होठ काऊन हलून राह्यले? पत्र मी फाडणार होतो. तिनं काढून घेतलं.

प्रभाकररावाईनं तुह्या सहीविनाच बोर्ड लावला. 'जगातील सर्वात मोठा डायनासोर, सौजन्य' आणि खाली दुकानाचं नाव. ओटा पुन्हा बांधला. येणारे-जाणारे शेळीसोबत फोटो काढतात.

काल चौकशीचे साहेब शाळेत आले. त्याईच्या संग प्रभाकररावही आले, कॅमेरावाला घेऊन. मी म्हटलं, आता माहं निलंबन फोटोसहित होते. पण गोष्ट निराळी होती. साहेब मले बाजूले घेऊन म्हणाले, "सर, भांडण वाढवून कोणाचं भलं नाही. तुम्ही वर्गात मुलांना या प्राण्याविषयी शिकवताय असा एक फोटो होऊ द्या. फळ्यावर पूर्ण चित्र काढा, शेपटीपासून डोक्यापर्यंत, बाजूला लिहा जगातला सर्वांत मोठा. प्रभाकरराव समाधानी, मी अहवालात लिहीन की गैरसमज मिटला. शाळेचंही बघता येईल."

शाळेचंही बघता येईल, असं म्हटलं त्याईनं. माह्या मनात त्या वेळी तू नव्हती, खरं सांगतो. पोरं होते, आणि पुढच्या वर्षी त्याईले सडकेनं चालत दुसऱ्या गावाले जातानी मी पाहून राह्यलो होतो.

मी खडू घेतला. मी मांडीचं हाड काढाले लागलो, ठाण्यातून आणल्यावर तू आमच्या अंगणात तुकडे मांडले होते तसं. वरचं फुगीर टोक, मग खालची दांडी, मग जिथं तुटलं तिथं वाकडीतिकडी रेघ. खडू तिथं थांबला. पुढं कराले हात उचलला, पण काय काढू? पाय कसा होता? मान किती वर जात होती? दात तर मी पाह्यलेच नाई. साहेब म्हणाले, "काढा ना सर, पुढचं काढा." प्रभाकरराव मागून म्हणाले, "मास्तरले येत नसन तर माह्या मोबाईलमधून पाहून काढा म्हणा."

पहिल्या बाकावरची मेघा, चिंधू धुर्व्याची पोरगी, उभी राह्यली. "सर, बाकीचा कुठं आहे?"

मी म्हटलं, "बाकीचा सापडला नाई."

"मग तो किती मोठा होता?"

"माहीत नाई."

प्रभाकरराव हसले. साहेबाईनं घड्याळ पाह्यलं. कॅमेरावाल्यानं इचारलं, एवढ्याचाच फोटो काढू का? मग आपणच कॅमेरा बंद करून बाहेर निघून गेला. साहेब जातानी म्हणाले, अहवाल जसा आहे तसा जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या.

ते गेल्यावर पोराईले म्हटलं, वह्यात उतरवून घ्या. मग फळा पुसाले गेलो नाई. संध्याकाळी कुलूप लावतानी पाह्यलं, एका कोपऱ्यात अर्धं हाड, आणि बाकी सारा फळा रिकामा. मले तो आजवरच्या माह्या सगळ्या फळ्यांपेक्षा बरा वाटला.

निकेश